ब्रेक लागला होता

माझ्या सासऱ्यांचं कौतुक करायला मी बसलेले नाही. त्यांच्यासारख्या माणसाबरोबर एका घरात राहून दाखवा आणि मग बोला. घरात नवीन काहीही आलं की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला, "हे घसरलं तर कुठे जाईल?" गॅसची टाकी, पाण्याचं पिंप, माझं शिवणयंत्र, सगळ्यांच्या खाली त्यांनी लाकडाच्या पाचरी ठोकून ठेवल्यात. आमचं घर उतरत्या गल्लीच्या टोकाला आहे आणि फरशी एका बाजूला जराशी कललेली आहे, हे मान्य. पण म्हणून माझं शिवणयंत्र एक दिवस उठून बाजारात फिरायला जाईल, असं मला तरी कधी वाटलं नव्हतं. झाडताना त्या पाचरी माझ्या बोटांना लागतात, मी कळवळून ओरडते, आणि ते पेपरातून डोकं न काढता म्हणतात, "लागली ना? म्हणजे जागेवर आहे."

हा माणूस छोट्या ट्रॅक्टरवर खोदकाम करतो. पुढे माती ढकलायला रुंद बकेट, मागे खणायला लांब लोखंडी हात, त्याच्या दोन्ही बाजूंना जमिनीत दाबून मशीन धरणारे पाय, म्हणजे जॅक, आणि मधल्या सीटवर बाबा. सीट फिरते. पुढे तोंड केलं की गाडी चालवायची, मागे तोंड केलं की खणायचं. आमची वस्ती डोंगराच्या अंगावर चढत गेलेली. मोठी मशिनं आमच्या गल्ल्यांत शिरत नाहीत, घरांच्या मागच्या चिंचोळ्या उतारांवर तर नाहीच नाही. तिथे हेच छोटं मशीन लागतं. कुणाचा सांडपाण्याचा पाईप असो की कुणाच्या मागच्या भिंतीचा पाया, या बाजूचं बहुतेक खोदकाम बाबांच्या हातचं आहे.

आणि लोक त्यांना काय म्हणत? "सावकाश." हे त्यांचं नाव पडलेलं. बाबा मशीन घेऊन गल्लीत शिरले की टपरीवरून आरोळी यायची, "आले, सावकाश आले!" मला हसू यायचं, खोटं कशाला बोलू? कारण ते खरंच डोकं उठवायचे. नव्या जागेवर गेले की आधी मशीनला हातच लावायचे नाहीत. सगळा उतार पायी चालायचे, टाचेने माती दाबून बघायचे, गवतात लपलेले खड्डे नि दगड काठीने शोधायचे. लोक हात कमरेवर ठेवून उभे, आणि हे आपले काहीतरी हरवल्यासारखे खाली मान घालून फिरतायत.

मग ती बाटली. अर्धी पाण्याने भरलेली प्लॅस्टिकची बाटली मशीनच्या बॉनेटवर आडवी बांधलेली असायची. मशीन कललं की आतलं पाणी एका बाजूला चढतं. त्या बाटलीवर एक लाल रेघ आहे, आणि ती रेघ माझ्या नेलपॉलिशची आहे. न विचारता घेतलं होतं. मी विचारलं तेव्हा म्हणाले, "रंग पुसला जात होता, तुझं पुसलं जात नाही." पाणी त्या रेघेच्या वर गेलं की बाबा सीटवरून उतरायचे आणि सांगायचे, इथे मशीन चालणार नाही, आधी जागा सपाट करा नाहीतर कुदळ घ्या. समोर कोणीही असो.

उतारावर ते कधीच आडवे गेले नाहीत. सरळ वर, नाहीतर सरळ खाली. आडवं गेलं की पाच मिनिटांत काम होतं, हे त्यांना मुकादमापासून पोरासोरांपर्यंत सगळ्यांनी शिकवून झालं होतं. खणलेली माती नेहमी वरच्या बाजूला टाकायची. भरलेला हात खालच्या बाजूला झोकायचा नाही, कारण त्या वजनाने मशीनही त्याच्या मागे जातं. डोक्यामागचा लोखंडी दांडा कायम उभा, आणि तो उभा असला की कमरेला पट्टा हवाच. दांडा कशासाठी, पट्टा कशासाठी, हे ते ऐकणाऱ्याला सांगायचे आणि न ऐकणाऱ्यालाही सांगायचे. मशीन उलटलं तर दांडा त्याला पूर्ण पालथं होऊ देत नाही, आणि पट्टा तुम्हाला दांड्याच्या आत धरून ठेवतो. एक आहे आणि दुसरं नाही, तर काही उपयोग नाही.

एकदा मी चिडून विचारलं होतं, "बाबा, तुम्ही कुणाचा एवढा मोठा अपघात बघितलाय का, की सारखं हेच?" ते म्हणाले, "बघून शिकायचं तर त्यासाठी एक माणूस लागतो. तो कोणाच्या घरातून आणू?"

माझा नवरा त्यांच्याच हाताखाली काम करतो. पाईप टाकतो, माती सारतो, बाबा दमले की मशीनही चालवतो. हात चांगला आहे त्याचा, पण घाई फार. बाबा उतार चालत असले की हा मुलगा पाईपवर बसून फोन बघणार आणि पुटपुटणार, "झालं का मोजून?" सगळी टोळी हसायची. बापाला हसणारा मुलगा टोळीत लाडका होतो, हे मला तेव्हा कळायला हवं होतं.

या टोळीची एक पद्धत होती. दुपारी जेवायच्या वेळी मशीनचं पुढचं बकेट गुडघ्याएवढं वर उचलायचं, सपाट करायचं, आणि त्यावर ओळीने बसून जेवायचं. लोखंडी बाकडंच ते. खाली चिखल असो, मुंग्या असोत, वर बसलं की डबा कोरडा आणि कपडे कोरडे. सपाट जागेवर बाबांची याला हरकत नव्हती. उतारावर मात्र त्यांनी कधी बसू दिलं नाही. उतारावर बकेट जमिनीत दाबलेलंच राहील, आणि तुम्ही दगडावर बसा. ते स्वतः तर नेहमीच वरच्या बाजूला एकटे दगडावर बसून जेवत.

आता ते काय झालं ते सांगते. आधी लोकांनी जसं सांगितलं तसं.

घरांच्या एका रांगेमागे उतारावर सांडपाण्याचा चर खणायचं काम चाललं होतं. चर जिथे संपतो तिथे, उताराच्या तळाशी, मिस्त्री दगडी भिंत बांधत होता. मशीन चराच्या रेषेत सरळ उभं, तोंड खाली भिंतीकडे. जेवायची सुट्टी झाली. ठेकेदाराने बाबांना वर रस्त्यावर पाईप बघायला बोलावलं. मिस्त्री भिंतीपाशीच राहिला, कारण त्याचा माल कालवून झाला होता आणि तो वाळला असता. आणि मशीन निघालं. आवाज न करता सरकत खाली गेलं आणि मिस्त्रीचं पाऊल बकेट आणि दगडाच्या मध्ये सापडलं. पुढचा अर्धा भाग डॉक्टरांनी काढला. कारण काय? तर म्हाताऱ्याने ब्रेक लावला नव्हता.

एवढंच. टोळीतल्या प्रत्येकाने हे सांगितलं, आणि प्रत्येकाने अगदी त्याच शब्दांत. ठेकेदार घरी आला, चहा प्यायला, बाबांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बाबा, वय होतं माणसाचं. विसरतं. तुम्ही आता आराम करा, मशीन पंधरा दिवस उभंच ठेवतो, मग सोमवारपासून पोरगा सांभाळेल." ते "आराम करा" ऐकून माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी कप उचलले आणि मोरीत इतक्या जोरात ठेवले की एकाचा कान तुटला.

बाबांनी ठेकेदाराचा हात खांद्यावरून काढला. म्हणाले, "ब्रेक लागला होता."

त्यानंतर घरात दुसरं काही बोलणंच उरलं नाही. सकाळी चहा पिताना, "ब्रेक लागला होता." जेवताना मध्येच हात थांबवून, "बकेट कोणी उचललं?" पानावर बसलेले आम्ही तिघंच. मी म्हणायची, "बाबा, मला काय विचारता?" नवरा भात कालवत राहायचा. "बकेट जमिनीत होतं. जॅक खाली होते. बकेट कोणी उचललं?" आवाज इतका चढायचा की शेजारच्या खिडकीत डोकी दिसायची. मला वाटलं, झालं, म्हातारपण असंच येत असावं, एका वाक्यात अडकून.

त्यातून कहर म्हणजे ते रोज संध्याकाळी मिस्त्रीच्या घरी जायचे. त्याच्या दारात उभे राहून तेच सांगायचे. बिचारा पाय बांधून खाटेवर पडलेला, आणि हे समोर उभे राहून "ब्रेक लागला होता." मिस्त्रीची बायको मला दुकानात भेटली. तिने पिशवी खाली ठेवली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "तुमच्या म्हाताऱ्याला आवरा. माझ्या माणसाचं पाऊल गेलं आणि यांना स्वतःचं नाक वर ठेवायची पडलीय. पुन्हा आले तर गरम पाणी ओतेन अंगावर." मी मान खाली घालून घरी आले आणि बाबांना वाटेल ते बोलले. लाज वाटत नाही का, मी म्हणाले. जखमी माणसाला छळता, म्हणाले. ते ऐकून घेत होते. शेवटी विचारलं, "तू त्याचा डबा बघितलास का?"

डबा? मला आधी काही कळेना. मग आठवलं. मी रोज दोन डबे भरते. त्या दिवशी बाबांचा डबा धड परत आला होता. नवऱ्याचा डबा पार चेपलेला होता, झाकण दुमडून आत गेलेलं, आणि कडेला पिवळा रंग लागलेला. मशीनच्या बकेटचा रंग. त्याने सांगितलं होतं, धावपळीत हातातून पडला. धावपळीतच, म्हणून मी पुढे विचारलं नव्हतं. पण हातातून पडलेला डबा असा चेपत नाही. त्याच्यावर काहीतरी जड यावं लागतं.

नवरा बाहेरून आला तेव्हा मी तो डबा पोळपाटावर ठेवून बसले होते. त्याने डबा बघितला, मला बघितलं, आणि चप्पल काढायची थांबला.

"बकेटवर बसला होतात?" मी विचारलं.

"कोण म्हणालं?"

"डबा म्हणाला."

तो भिंतीला टेकून खाली बसला. मग बोलायला लागला आणि, मला वाटलं, सगळंच बोलला. फोन चार्ज करायचाय म्हणून त्याने बाबांकडून किल्ली घेतली होती. बाबा रस्त्याकडे वळले तसा कोणीतरी म्हणाला, सावकाश गेले रे, बसायचं कर. खाली सगळी ओली माती. त्याने इंजिन चालू केलं, बकेट गुडघ्याएवढं उचललं, सगळे चढून बसले. डबे उघडायच्या आत मशीन हललं. सगळ्यांनी उड्या टाकल्या. मिस्त्रीची पाठ होती तिकडे.

"आणि मग तुम्ही ठरवलंत, ब्रेक लागला नव्हता."

"कोणी ठरवलं नाही. कोणीतरी म्हणालं आणि... सगळेच म्हणायला लागले." त्याने डोळे वर केले. "आणि हे बघ, बाबांना आता काय फरक पडतो? नाहीतरी वर्षभरात सोडणारच होते. मी खरं बोललो तर सगळ्यांचं काम जाईल, माझं आधी. घर कसं चालवणार?"

"बापाच्या तोंडाला काळं फासून चालवणार."

"अगं, पण..." इथे त्याने जे म्हटलं ते मी मरेपर्यंत विसरणार नाही. कारण तो ते खोटेपणाने म्हणत नव्हता. "पण तूच सांग ना. ब्रेक नीट लागला असता तर मशीन हललं असतं का? थोडा तरी सैल राहिला असणार बाबांचा."

मी डबा भिंतीवर फेकला. बाबा आतल्या खोलीत होते. त्यांना सगळं ऐकू गेलं असणार, कारण मी आत गेले तेव्हा ते खाटेच्या कडेला ताठ बसले होते.

"तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं," मी म्हणाले. "किल्ली तुम्हीच दिली होती."

"हो."

"मग इतके दिवस कोणाला विचारत होतात, बकेट कोणी उचललं म्हणून? गावाला?"

"त्याला विचारत होतो. पानावर समोर बसून. दुसऱ्या कोणाला विचारणार?"

माझं डोकंच फिरलं. मी म्हणाले, मग सांगत का नाही सगळ्यांना? स्वतःची अब्रू धुळीला मिळालेली बघत काय बसलात? लेकराला पाठीशी घालताय का?

तेव्हा हा माणूस माझ्यावर असा ओरडला की मी दोन पावलं मागे सरकले. "अब्रू गेली खड्ड्यात! ऐकलंस ना आत्ता तो काय म्हणाला? ब्रेक सैल असणार! अगं, ब्रेक मागच्या चाकांना असतो. फक्त मागच्या. जॅक खाली दाबले की मागची चाकं उचलली जातात, हवेत राहतात. हवेतल्या चाकाला ब्रेक लावलास काय नि नाही लावलास काय. मशीन उभं असतं ते पुढच्या बकेटवर आणि मागच्या जॅकवर. तू बकेट उचललंस की पुढची चाकं जमिनीला लागली, आणि त्यांना ब्रेकच नाही. वर बकेटवर माणसं बसली, पुढचं वजन वाढलं, मागचे जॅक हलके झाले, मातीवरून घसरले. संपलं." ते धापा टाकत होते. "हे त्याला माहीत आहे. मी शिकवलंय. पण गेले इतके दिवस तो रोज म्हणतोय, ब्रेक लागला नव्हता, ब्रेक लागला नव्हता. म्हणून म्हणून आता त्याला ते खरं वाटायला लागलंय. सोमवारी तो त्या सीटवर बसणार. ब्रेक घट्ट ओढणार. आणि त्याच्या डोक्यात काय असणार? की ब्रेक लावलाय, आता काळजी नाही."

मी खाली बसले. मला तोपर्यंत वाटत होतं की प्रश्न बाबांच्या नावाचा आहे. तो नव्हताच. प्रश्न माझ्या नवऱ्याच्या जिवाचा होता, आणि त्याच्या खाली जो कोणी उभा असेल त्याच्या जिवाचा.

"मग त्याला हे सांगा ना. धरून सांगा."

"मी सांगितलं तर तो हो म्हणेल. माझ्या धाकाने म्हणेल. मशीनवर मी नसणार. ते त्याच्या तोंडून निघायला हवं." आणि पुन्हा खाटेवर बसून म्हणाले, "वाट बघतोय."

वाट बघतोय! उतारही सावकाश, मशीनही सावकाश, आणि आता स्वतःच्या मुलाचा जीवही सावकाश. मी म्हणाले, बघा तुम्ही वाट. मला जमत नाही.

सोमवारी मी दुपारचा डबा घेऊन स्वतः कामावर गेले. तोच उतार, तोच चर, जरा पुढे सरकलेला. मशीन तसंच उभं, तोंड खाली, जॅक दाबलेले, मागची चाकं बोटभर अधांतरी, बकेट जमिनीत रुतलेलं. नवरा सीटवर, मागे तोंड करून खणत होता. बॉनेटवर बाटली नव्हती. दांडा उभा होता, पट्टा सीटच्या मागे लोंबत होता. बाबा वर रस्त्याच्या कठड्यावर बसलेले. कामावरून काढलेला माणूस रोज येऊन बसायचा, आणि टोळी त्याच्याकडे न बघता काम करायची. खाली दगडी भिंत अर्धवट होती. नवीन मिस्त्री अजून मिळाला नव्हता.

सुट्टीची हाक झाली. नवऱ्याने खणायचा हात जमिनीवर टेकवला, सीट फिरवली. मी उतरत गेले, मशीनच्या बाजूने पुढे, आणि जाऊन भिंतीपाशी उभी राहिले. बकेटच्या बरोबर समोर, जिथे मिस्त्री होता तिथे. पाठीला दगड टोचत होते.

"काय गं? तिथे काय करतेस?" नवरा वरून म्हणाला.

चारचौघांत मी त्याला अहो म्हणते. त्या दिवशी नाही म्हटलं. "बकेट उचल," मी म्हणाले. "जेवायची वेळ झाली. सगळ्यांना बसायला हवं ना?"

टोळीतले सगळे जिथल्या तिथे थांबले.

"ब्रेक लावलायस?"

"लावलाय, पण..."

"घट्ट?"

"हो."

"सैल तर नाही ना बाबांसारखा? मग उचल. मी इथेच उभी आहे."

ठेकेदार माती तुडवत पुढे आला. "वहिनी, काय हा वेडेपणा? बाजूला व्हा आधी. तिथे उभं राहायचं नसतं."

"का नसतं? ब्रेक लागलाय की."

"अहो, ब्रेकचं काय घेऊन बसलात, मशीन खाली येईल!"

तो हे बोलला आणि मग त्यालाच कळलं आपण काय बोललो. पण एव्हाना बाकीचेही ओरडायला लागले होते. वहिनी सरका, वहिनी बाजूला व्हा, अरे तू हात काढ लिव्हरवरून! एकूण एक. सगळ्यांना माहीत होतं. कोणालाच शिकवायची गरज नव्हती. मी नुसती समोर उभी राहिले तर सगळ्यांना आठवलं की हवेतल्या चाकाचा ब्रेक काही धरत नाही. मिस्त्रीच्या वेळी मात्र सगळे एका सुरात विसरले होते. मला इतका संताप आला होता की मला भीतीच वाटत नव्हती, आणि हे चांगलं नव्हे, हे मी आज सांगते. तेव्हा मी फक्त नवऱ्याकडे बघत होते.

त्याचा हात लिव्हरवर होता. चेहरा राखेसारखा. तो माझ्याकडे बघत नव्हता, माझ्या पायांकडे बघत होता. मग त्याने हात काढला, इंजिन बंद केलं, किल्ली काढून मुठीत धरली.

"ब्रेक लागला होता," तो म्हणाला. मग पुन्हा म्हणाला, ओरडून. "बाबांनी ब्रेक लावला होता! बकेट मी उचललं. बसायला. आम्ही सगळे बसलो होतो."

तेवढ्यात वरून धपधप आवाज आला. उतारावर कधी न पळालेला माणूस पळत खाली येत होता. बाबांनी माझा दंड धरला, आजवर त्यांनी मला बोट लावलं नव्हतं, आणि मला फरफटत मशीनच्या रेषेतून बाजूला नेलं, वरच्या अंगाला. मला वाटलं आता डोळे भरून येणार, दोन शब्द बोलणार.

"अक्कल गहाण टाकलीस का?" त्यांनी माझ्या तोंडावर बोंब ठोकली. "मशीनच्या खालच्या बाजूला उभी राहतेस? त्याचा हात चुकून लागला असता म्हणजे? मी काय शिकवलं घरात इतकी वर्षं? भिंतींना शिकवलं?" आणि हे सगळं बोलत असतानाच त्यांनी पायाने एक मोठा धोंडा ढकलत नेऊन पुढच्या चाकाला लावला, दुसरा दुसऱ्या चाकाला. मग सीटकडे वळले. "आणि तू. पट्टा कुठाय तुझा? उतर खाली. चल."

"कुठे?"

"जिथे मी रोज जातो तिथे."

तोंड धुवायलाही थांबू दिलं नाही. मातीचे हात घेऊन आम्ही तिघं मिस्त्रीच्या घरी गेलो. त्याच्या बायकोने दार उघडलं आणि बाबांना बघून आत भांडं शोधायला वळली. ठेकेदार मागून येतो म्हणाला होता, तो आला नाही. टोळीतलंही कोणी आलं नाही.

नवऱ्याने उंबऱ्यातूनच सांगितलं. किल्लीपासून डब्यापर्यंत, मला सांगितलं होतं तसंच. मिस्त्री उशीला टेकून ऐकत होता. पांघरुणाखाली एक पाऊल दिसत होतं आणि दुसऱ्या जागी नुसती घडी. ऐकून झाल्यावर तो नवऱ्याला एक शब्द बोलला नाही. बाबांना म्हणाला, "तुम्ही रोज येऊन ओरडत होता. मला वाटायचं, म्हातारा स्वतःची कातडी वाचवतोय."

"माहीत आहे," बाबा म्हणाले.

"आता मशीनवर परत तुम्ही?"

"नाही. हाच."

मिस्त्री उठून बसायला गेला आणि कळवळला. त्याची बायको किंचाळलीच. "यालाच देणार? ज्याने हे केलं त्यालाच?" आणि खरं सांगते, मीही तेच ओरडले. मी जीव टांगणीला लावून एवढं केलं ते काय त्याला परत त्या सीटवर बसवायला?

"त्यालाच," बाबा म्हणाले. "आज बकेट उचलताना त्याचा हात थांबला. बाकीच्यांपैकी अजून एकानेही कबूल केलेलं नाही. त्यांतल्या कोणाला देऊ?"

मिस्त्रीने पांघरूण बाजूला केलं. बांधलेला पाय उघडा टाकला आणि नवऱ्याला जवळ बोलावलं.

"बघ," तो म्हणाला. "नीट बघ. त्या दिवशी माझी पाठ होती तुमच्याकडे. मी हाक मारून विचारलं होतं, मशीन धरलंय ना रे? आणि तू बकेटवर बसून म्हणालास, हो, ब्रेक आहे."

हे नवऱ्याने मला सांगितलं नव्हतं. बाबांनाही नाही.